सुंदराबाईनं जपलेला ईसीजी

"यांचा जुना ईसीजी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि सुंदराबाईच्या जिवात जीव आला.

सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी असं काही मागितलं होतं जे तिच्यापाशी होतं. तिचा नवरा पंजाबराव धारणीतल्या त्या लहानशा दवाखान्यात खाटेवर घामानं भिजून पडला होता. छाती दाबून धरलेली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टर विपुल म्हणजे अकोल्याचा तरणा पोरगा, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्यानं ईसीजी काढला, दोनदा उलटसुलट पाहिला, मग मोबाईलवर फोटो काढून अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवला. रेंज यायला खिडकीबाहेर हात काढावा लागला. उत्तरादाखल आला तो हाच प्रश्न.

"मावशी, नीट ऐका," विपुल म्हणाला. "हृदयात करंट नेणाऱ्या दोन तारा असतात, डावी आणि उजवी. यांची डावी बंद दिसते. ती आज बंद पडली असेल, तर हा मोठा अटॅक आहे आणि रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन आत्ताच द्यावं लागेल. पण काही माणसांची ती तार वर्षानुवर्षं बंद असते, त्यांचं काही बिघडत नाही. तसं असेल तर थांबता येईल. काकांचं बीपी फार वाढलंय, वयही आहे. या इंजेक्शनानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. विनाकारण दिलं तर फुकटचा धोका."

"मंग या कागदावर दिसत नाई का, आजचं हाय का जुनं हाय?"

"तेच तर दिसत नाही. या ब्लॉकखाली अटॅकची खूण झाकून जाते. रक्ताची तपासणी आहे, पण पहिल्या तासांत तीही काही सांगत नाही. जुना ईसीजी शेजारी ठेवला की लगेच कळेल."

"हाय माझ्यापाशी. अकोल्याले काढला व्हता. जपून ठिवला हाय."

ती उठली तसा पंजाबरावांनी मास्क बाजूला सारला. "अवं, आयक, तो डॉक्टर मले..."

"तुमी बोलू नका बरं," म्हणत तिनं मास्क पुन्हा तोंडावर बसवला, इलॅस्टिक कानामागं सरळ केलं.

"काका, बोलायचं नाही. नुसता श्वास घ्या," विपुलही म्हणाला.

पंजाबराव गप्प बसले. त्यात नवल काही नव्हतं. एसटीत कंडक्टरनं बोलायचं आणि ड्रायव्हरनं समोर बघायचं, ही रीत त्यांनी घरीही आणली होती. उभी हयात परतवाडा-धारणीची मुक्कामी गाडी चालवली. दाराशी येऊन कुणी विचारलं, काय पंजाबराव, तब्येत कशी हाय, तर उत्तर सुंदराबाई द्यायची. चहा घेणार का? त्याचंही उत्तर तीच द्यायची. जावयानं एकदा गमतीत विचारलं, बाबांचा आवाज कसा आहे हो? सुंदराबाई म्हणाली, चांगला हाय. पंजाबराव मिशीत हसले.

शेजारच्या बंडूनं ऑटो काढला. ऑटो खड्ड्याखड्ड्यांतून घराकडं निघाला आणि सुंदराबाई पुढच्या दांडीला धरून बसली. भीती होतीच, पण भीतीच्या खाली एक घट्ट जागा होती. आपला कागद आहे. आपला कागद कधी हरवत नाही.

धारणीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणवाडीत सेविका म्हणून तिनं इतकी वर्षं काढली की तिनं खिचडी वाढलेल्या पोरी आता स्वतःची पोरं घेऊन यायच्या. तिच्याकडं काळ्या रेक्झिनची एक पिशवी होती. जन्माचे दाखले, जातीचे दाखले, नोकरीचा आदेश, लाइटबिलं, पंजाबरावांच्या पेन्शनचे कागद, सगळं वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकिटावर चिठ्ठी. गल्लीतल्या बायासुद्धा आपले कागद तिच्याकडं आणून ठेवत, कारण घरी ठेवले तर नवरा हरवतो नाहीतर उंदीर नेतो.

लोक हसायचे. हसणाऱ्यांना पातूरची गोष्ट ठाऊक नव्हती. पातूरला सुंदराबाईच्या माहेरी तिचा भाऊ शिकून तयार झाला, नोकरी लागली, आणि जातीच्या पडताळणीला आजोबांच्या शाळेचा दाखला मागितला. दाखला होता. घरात पत्र्याच्या पेटीत होता. पेटी उघडली तर वाळवीनं त्याची माती केलेली. शाळेचं रजिस्टरही सापडेना. नोकरी गेली ती गेलीच, भाऊ पुढं अकोल्याला एमआयडीसीत पोती उचलत राहिला. बाप मरेपर्यंत एकच वाक्य बोलायचा, कागद असन त मानूस असते. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. सुंदराबाईनं त्या दिवसापासून जगातला प्रत्येक कागद फुंकून प्यायला सुरुवात केली.

अकोल्याचा तो ईसीजी तीन वर्षांपूर्वीचा. भावाच्या पोरीचं लग्न होतं, पंजाबरावांना जरा गरगरलं, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. गर्दी होती. पंजाबराव आत गेले, सुंदराबाई बाहेर चपला सांभाळत बसली. ते बाहेर आले, तिच्या हातात कागद दिला आणि म्हणाले, "जपून ठिव म्हने."

बस, एवढंच. तिनं पुढं काही विचारलं नाही. समोरच्या दुकानात गेली, जाड प्लॅस्टिकचं पाकीट घेतलं, कागद सरळ बसवला. डॉक्टरांनी निळ्या बॉलपेननं ज्या जागी गोल केला होता तिथं कडेनं सेलोटेपही मारली, दुमडू नये म्हणून. मग समाधानानं लग्नाला गेली.

घरी येऊन तिनं पिशवी उचलली. पाकीट उघडून पाहिलं नाही. पाहायचं काय होतं? चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, इसीजी, पिंकीचे बाबा.

दवाखान्यात विपुलनं पाकिटातून कागद काढला. उजेडाकडं धरला. पालथा केला, पुन्हा सुलटा केला.

"मावशी, हाच का?"

"हाच. त्यावर गोल हाय पहा डॉक्टरचा."

गोल होता. निळ्या पेनाचा, ठसठशीत. खाली सही आणि तारीखही होती. गुलाबी बारीक चौकटी जशाच्या तशा होत्या. त्या चौकटींवर पंजाबरावांच्या काळजाची जी रेघ उमटली होती, ती मात्र कुठंच नव्हती. गोलाच्या आत कोरे चौकोन. सेलोटेपखाली तर रेघेचा डागसुद्धा उरला नव्हता.

"हे कसं झालं?" तिनं विचारलं.

"हा शाईचा कागद नसतो मावशी. उष्णतेनं रेघ उमटते यावर. प्लॅस्टिकमध्ये ठेवला, टेप लावली की उडून जाते. त्यात आपल्याकडचं ऊन. झेरॉक्स काढून ठेवायला हवी होती."

झेरॉक्स. धारणीत चौकात तीन दुकानं आहेत झेरॉक्सची. जपून ठेवा असं सांगायला जगात सगळे तयार असतात. कसं जपायचं हे सांगायला कुणाला वेळ नसतो, आणि ज्याच्यावर जपायची वेळ येते तो बिचारा आपल्याला कळतं त्या रीतीनं जपतो. सुंदराबाईनं वाळवीपासून जपलं होतं. उंदरापासून, पाण्यापासून, नातवंडांपासून जपलं होतं. प्लॅस्टिकपासून जपायचं असतं, हे तिला कोण सांगणार?

विपुलनं सहीखालच्या शिक्क्यातला अकोल्याच्या दवाखान्याचा नंबर लावला. बऱ्याच वेळानं कुणीतरी उचलला. "आमच्या मशीनमंधी जुनं राह्यत नाई साहेब. कागद पेशंटलेच देतो आमी."

फोन ठेवून तो सुंदराबाईकडं वळला. "त्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? आठवा. काहीही."

"जपून ठेवा म्हनले."

"आणखी?"

"बस."

आपण आत नव्हतोच, हे तिनं सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नाही, तिच्या डोक्यातच आलं नाही. कागद आपल्या हाती होता म्हणजे गोष्ट आपल्याला ठाऊक होती, असंच तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. पलीकडं पंजाबराव डोळे मिटून कण्हत होते. त्यांचा एक हात मास्ककडं गेला आणि सिस्टरनं तो हळूच खाली ठेवला.

विपुल खिडकीशी जाऊन पुन्हा अमरावतीशी बोलला. परत आला तेव्हा त्याच्या हातात संमतीचा कागद होता. "जुनं काही हाताशी नसेल तर नवं धरूनच चालायचं. अमरावतीला पोचायला चार तास लागतील. खरा अटॅक असला तर तेवढ्या वेळात हृदय मरेल. सरही म्हणतात, द्या. पण सही तुमची लागेल."

सुंदराबाईनं जन्मात कागद न वाचता सही केली नव्हती. हाही तिनं वाचला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मेंदूत रक्तस्राव हे शब्द तिच्या बोटाखाली आले. तिथं बोट थांबलं. तिनं खाटेकडं पाहिलं. पंजाबराव आता कण्हतही नव्हते, नुसते वाकडे होत होते. तिनं सही केली. अक्षर चांगलं आलं, त्याची तिला पुढं कितीतरी दिवस चीड येत राहिली.

इंजेक्शन गेलं. अर्ध्या तासात दुखणं उतरलं, तोंडावर रंग आला. सिस्टर म्हणाली, लागू पडलं वाटते. सुंदराबाईनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या कॅलेंडरला हात जोडले आणि अमरावतीला निघालेल्या अँब्युलन्समध्ये चढली.

ड्रायव्हर मनोज पंजाबरावांना गुरू मानायचा. मेळघाटातल्या रस्त्यावरचं वळण अन् वळण त्यांनीच त्याला शिकवलं होतं. आता मास्कच्या जागी नाकात बारीक नळी होती, पंजाबरावांना बोलता येत होतं, आणि तोंडानं का होईना गाडी तेच चालवू लागले.

"मनोज, पुढं पूल हाय, हळू घे."

"हो काका."

हरिसाल गेलं. सेमाडोह गेलं. पळसाची पानं झडून गेलेली, सागाचं रान उघडं पडलेलं. घाट लागला.

"उलटं वळण हाय. हॉर्न दे."

मनोजनं हॉर्न दिला. वरून एक ट्रक खरंच येत होता, तो थांबला. मनोज हसला. सिस्टरही हसली. सुंदराबाईला वाटलं, संकट टळलं.

"काय वं," पंजाबराव म्हणाले, "घरी कायले पयाली व्हतीस?"

"अकोल्याच्या इसीजीसाठी. त्यावरचं समदं उडून गेलं. नुसत्या चौकटी राह्यल्या. साहेब म्हने, तो असता त समजलं असतं."

"काय समजलं असतं?"

"तुमची डावी तार आज बंद झाली का आधीचीच बंद हाय."

पंजाबराव हसले. दुखणं गेलेल्या माणसाचं मोकळं हसू. "मंग मले इचारायचं. त्या डॉक्टरनं मले समजावून सांगतलं व्हतं. म्हने डावी वायर बंद हाय तुमची, जुनीच हाय, घाबरू नका. उजवीवर गाडी चालते. उद्या कोनी नवा डॉक्टर घाबरला, त त्याले हे सांगजा अन हा कागद दाखवजा." थोडं थांबून ते म्हणाले, "मी सांगतच व्हतो. तू ते तोंडावर बसवलं."

बाहेर एप्रिलचं ऊन आणि तिला हुडहुडी भरली. तिनं सिस्टरचा हात धरला.

"सिस्टर, ते इंजेक्शन आंगातून काढता येते का?"

"नाही हो मावशी. गेलं ते आता रक्तात. कावून?"

ती पंजाबरावांच्या तोंडाकडं बघत राहिली. चांगलं होतं तोंड. डोळे उघडे, नजर समोरच्या काचेतून रस्त्यावर. काही होणार नाही, ती स्वतःला सांगत होती, शंभरातल्या एखाद्याला होतं म्हणाले होते साहेब. आपण कुणाचं वाईट केलं?

"हॉर्न दे," पंजाबराव म्हणाले. मनोजनं दिला.

पुढच्या वळणाला पुन्हा, "हॉर्न दे." शब्द जरा जड आला. मनोजनं दिला.

घटांगच्या अलीकडं सगळ्यांत वाईट वळण आहे, डावीकडं दरी. मनोजनं वेग कमी केला आणि वाट पाहिली. मागून काकांचा आवाज आला नाही. त्यानं हॉर्न दिला, वळण काढलं, आणि आरशात पाहिलं.

"काका?"

पंजाबरावांच्या ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. नजर रस्त्यावरच होती. डावा हात स्टिअरिंग धरल्यासारखा किंचित वर होता, उजवा गादीवर पडलेला. "बोला ना," सुंदराबाई म्हणाली. त्यांच्या गालाला हात लावून ती पुन्हा म्हणाली, "बोला ना वो." सिस्टरनं मनोजला गाडी पळवायला सांगितलं आणि त्यानं पळवली, पण घाटात पळवून पळवून किती पळवणार?

अमरावतीत डोक्याचा फोटो निघाला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त साचलं होतं. हृदयाची तपासणी दिवसभर पुनःपुन्हा झाली, ईसीजी सारखेच येत राहिले, रक्तात अटॅकची खूण शेवटपर्यंत दिसली नाही. पित्ताशयात खडे निघाले. छातीतलं ते दुखणं त्यांचं होतं.

"मग इंजेक्शन का दिलं?" मुलगी पिंकी डॉक्टरांवर उसळली. ती शेंदूरजनाघाटहून धावत आली होती.

"आम्हीच द्या म्हटलं," ते शांतपणे म्हणाले. "समोरचा ईसीजी बघून आणि जुना काहीच नसताना दुसरं काय करणार? जुनं काही कळलं असतं, तर थांबलो असतो."

पिंकीनं आईकडं पाहिलं. सुंदराबाई वॉर्डाच्या फरशीकडं बघत होती. तिनं पिंकीला सांगितलं नाही. पुढंही कधी सांगितलं नाही.

विपुलचा फोन आला, आवाज रडका होता. "मावशी, तो कागद चांगला राहिला असता तर..."

"कागद नव्हता साहेब," ती म्हणाली. "पन मानूस व्हता."

त्याला काही कळलं नाही. कोरड्या डोळ्यांनी तिनं फोन ठेवला.

पंजाबराव जगले. याला जगणं म्हणायचं तर. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटतो, आणि तोंडातून एकच आवाज निघतो, हं आणि अं यांच्या मधला. समजतं सगळं. धारणीला परत येताना घटांगच्या वळणावर त्यांनी डाव्या हातानं हवेत काहीतरी दाबलं. मनोजनं हॉर्न दिला आणि मग त्याला पुढचा रस्ता नीट दिसेना.

घरी आल्यावर सुंदराबाईनं रेक्झिनची पिशवी रिकामी केली. ज्या बायांचे कागद होते त्यांना नेऊन दिले. काही कागदांना पाकिटाचं प्लॅस्टिक चिकटलं होतं. एकीनं विचारलं, आता कुठी ठेवू? सुंदराबाई म्हणाली, मले नाई मालूम.

संध्याकाळी ती पंजाबरावांना ओसरीत खुर्चीवर बसवते आणि समोर बसते. पूर्वी ती सांगायची आणि ते ऐकायचे. आता ती विचारते. पहिली गाडी कोणती व्हती तुमची? लग्नात तुमाले मी आवडली व्हती का? घाटात वाघ पाह्यला तवा कोन कोन व्हतं गाडीत? चाळीस वर्षांत तिनं त्यांना जेवढं विचारलं नव्हतं तेवढं ती एका संध्याकाळी विचारते. ते तोंड उघडतात. आवाज येतो. तिला त्यातलं काही कळत नाही, आणि ती मान हलवत नाही, कळल्याचं सोंग करत नाही. थांबते, आणि पुन्हा विचारते.

भेटायला लोक येतात. जुने कंडक्टर येतात, गल्लीतली माणसं येतात. दारातून आत येताच सवयीनं विचारतात, "काय पंजाबराव, तब्येत कशी हाय?" आणि सवयीनंच सुंदराबाईकडं बघतात.

उत्तर तिला ठाऊक असतं. ती देत नाही. हात मांडीवर ठेवून ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहते. पंजाबरावांचा ओठ हलतो, मान ताणली जाते, कपाळावर शीर उठते, आवाज यायला वेळ लागतो. आलेला माणूस चुळबुळतो, दुसरंच काही बोलायला जातो.

"थांबा," सुंदराबाई म्हणते. "ते सांगून राह्यले."